एकच पौर्णिमा, दोन पंचांगं

२९ सप्टेंबर १९९३ हा बुधवार होता आणि त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. किल्लारीत गणपतीच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या, लोक दमून घरी परतले आणि माळवदाच्या घरांत निजले. त्याच दिवशी सूर्य मावळल्यावर अलिबाग, पनवेल, ठाणे, मुंबई, पुणे इथल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी घरांत सुक्कोथचा सण लागला. या सणात सात दिवस घराबाहेर उभारलेल्या मांडवात जेवायचं आणि जमेल त्याने तिथेच झोपायचं. मांडवाचं छत फांद्या-झावळ्यांचंच हवं आणि रात्री त्यातून चांदण्या दिसाव्यात इतकं विरळ हवं, असा दंडक आहे. मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्यावर पूर्वज चाळीस वर्षं रानोमाळ झोपड्यांत राहिले, त्याची ही आठवण. इकडे पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बावन्न गावं भुईसपाट झाली. वाचलेल्यांनी पुढचा मोठा काळ पत्र्याच्या शेडमध्ये काढला, कारण पक्क्या छताखाली डोळा लागत नव्हता.

या दोन गोष्टींत दैवी संकेत शोधायला मी हे लिहीत नाही. तसा शोध घेणारी माणसं भूकंपानंतर आमच्या किल्लारीत पुष्कळ येऊन गेली आणि त्यांनी दुखावलेल्यांना आणखी दुखावलं. जुळणी आहे ती पंचांगाची, आणि हिंदू व यहुदी धर्मांची तुलना हा या पुस्तकाचा विषय तिथूनच सुरू होतो. मराठी महिना अमावास्येनंतर सुरू होतो आणि यहुदी महिनाही अमावास्येनंतरच. त्यामुळे त्यांची पंधरावी तिथी आणि आपली पौर्णिमा एकमेकींना धरून चालतात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं पडतं. ती तूट दोन्हीकडे जादा महिना घालून भरून काढतात. एकोणीस वर्षांत सात जादा महिने, हे गणितही दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. फरक पद्धतीचा आहे. यहुदी पंचांगात जादा महिना ठरलेल्या वर्षी येतो आणि नेहमी अदार हाच महिना दुप्पट होतो. आपल्याकडे ज्या चांद्र मासात सूर्यसंक्रांत पडत नाही तो अधिक, मग तो कोणताही असो. १९९३ साली अधिक भाद्रपद आला होता, म्हणून गणपती उशिरा बसले आणि विसर्जन सप्टेंबरच्या अखेरीस गेलं. काही वर्षी सुक्कोथ कोजागरीच्या जवळपास येतो, त्या वर्षी तो भाद्रपदी पौर्णिमेला आला. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी पितृपक्ष लागायचा होता.

दोन धर्म हजारो कोस दूर वाढले, तरी आकाशाकडे बघून दिवस मोजायची त्यांची रीत इतकी मिळतीजुळती आहे. मला या विषयात ओढलं ते याच गोष्टीने. तत्त्वज्ञानाच्या दाराने मी आत गेलोच नाही.

त्या दाराने जाणारे बहुधा दोन चुका करतात. पहिली चूक नावांच्या साम्यावरून वंशावळ जुळवण्याची. अब्राहाम म्हणजे ब्रह्मा आणि सारा म्हणजे सरस्वती, असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटलेले आहेत. या जुळवाजुळवीला कसलाही आधार नाही. या पुस्तकात तिला जागा दिलेली नाही. दुसरी चूक तक्त्याची. डावीकडे एक देव, उजवीकडे अनेक. डावीकडे एक ग्रंथ, उजवीकडे अनेक. डावीकडे एक जन्म, उजवीकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनी. हा तक्ता खोटा म्हणता येत नाही, पण त्यातून माणूस दिसत नाही. शिवाय बारकाईने पाहिलं की रकाने गळू लागतात. यहुदी गूढवाद्यांत पुनर्जन्माची कल्पना आहे, ती मुख्य प्रवाहात मधोमध बसलेली नाही इतकंच. आणि देव एकच आहे असं म्हणणारा हिंदू शोधायला तर आमच्या गावाबाहेर जावं लागणार नाही.

म्हणून या पुस्तकात तुलना घरांची आहे. चूल, उंबरा, दिवा, सुतक, सण, स्मरण. या जागी दोन धर्म किती जवळ येतात आणि कुठे फारकत घेतात, ते पाहायचं आहे. महाराष्ट्राचं भाग्य असं की अशा तुलनेसाठी आपल्याला जेरुसलेमला जावं लागत नाही. आपल्याच भाषेत बोलणारा, आपल्याच गावांची नावं आडनाव म्हणून लावणारा यहुदी समाज कोकणात कित्येक शतकं राहिला.

या समाजाची, म्हणजे बेने इस्रायलांची, परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. वाहून आलेल्या मृतांना तिथेच पुरलं, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवगावला त्यांचं स्मारक आहे. वाचलेले लोक कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या गावांत पसरले. दिवेआगरचे दिवेकर, केहीमचे केहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, चौलचे चेऊलकर झाले. तेलाचा घाणा चालवायचा हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. त्यांच्याजवळ ग्रंथ राहिले नव्हते, हिब्रू राहिली नव्हती. राहिलं ते एवढंच: शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणं, काही सण-उपास, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा शिक्षक आला आणि घरातल्या बाया कोणते मासे शिजवतात यावरून त्याने त्यांना ओळखलं, अशी कथा ते सांगतात. ग्रंथ हरवल्यावर धर्म स्वयंपाकघरात टिकला.

हाईम सॅम्युएल केहीमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली छापला गेला. त्यातली सणांची नावं कोणत्याही मराठी माणसाला घरची वाटतील. वर्षारंभ तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. प्रायश्चित्ताचा मोठा उपास तो दारफाळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, दुसऱ्या जातीच्या माणसाला शिवायचंही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. फाल्गुनाच्या सुमारास येणारा पुरीम तो होळीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस ज्या दिवशी झाला त्या दिवसाचं नाव बिरड्याचा सण, कारण त्या सुमारास मांस वर्ज्य आणि पानात मोड आलेल्या वालांचं बिरडं. जगातल्या यहुद्यांचा सगळ्यांत काळा दिवस कोकणात एका उसळीच्या नावाने ओळखला गेला. मला यात कुठेही उणेपण दिसत नाही. ज्या बायकांनी वाल भिजत घातले, मोड आणले, एकेक दाणा सोलला, त्यांनी ती आठवण पुढच्या पिढीच्या हातात दिली.

मलिदा तर स्वतः पाहावा असा विधी. ताटात भिजवलेले गोड पोहे, त्यात खवलेलं ओलं खोबरं, भोवती फळं आणि खजूर, गुलाबाचं फूल. नवस फेडायचा असेल, लग्न ठरलं असेल, कुणी दुखण्यातून उठलं असेल, की हे ताट मांडून एलियाहू हनाबी या प्रेषिताचं स्तवन गायचं. अलिबागजवळ खंडाळा इथे एका कातळावर एलियाहूच्या रथाची खूण आहे असं मानतात आणि लोक तिथे नवस फेडायला जातात. ताट पाहिलं तर सत्यनारायणाच्या प्रसादाची आठवण होते. पण ताटासमोर मूर्ती नाही, तसबीर नाही, कलश नाही. प्रत्येक पदार्थावर वेगळा आशीर्वाद म्हणतात: झाडाच्या फळाचा निराळा, जमिनीतून आलेल्याचा निराळा, सुवासाचा निराळा. सारखेपणा ताटात आहे आणि फरक ताटामागच्या रिकाम्या जागेत आहे.

पुण्यात १८७४ साली वल्हांडणाच्या सणाचं पुस्तक, हगादा, हिब्रू आणि मराठीत शिळाछापावर निघालं. ते विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापलं गेलं. त्यात सणाच्या बिनखमिराच्या रोट्या करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत. बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. मिसरमधून सुटकेची कथा आणि पुण्याच्या घरातली बैठक एकाच पानावर. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांनी मराठी कीर्तन उचललं. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या, सगळा थाट हरिदासी आणि आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं. कीर्तन हे माध्यम कुणा एका देवाचं नाही हे त्यांनी गाऊन दाखवलं.

हे सगळं वाचून मन भरून येतं, आणि तिथेच सावध राहायला हवं. शेजाराने चांगलं दिलं तसं वाईटही दिलं. बेने इस्रायलांत गोरे आणि काळे असे दोन भाग पडले. काळे म्हणजे बिगरयहुदी आईची संतती. त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार नाही, वेगळी पंगत. हा जातीचा ठसा होता. विधवेचं लग्न न करणं हेही इथूनच घेतलं. यहुदी धर्मशास्त्रात विधवेच्या लग्नाला आडकाठी नाही. मग इतिहासाने उलटा फेरा घेतला. इस्रायलमध्ये गेल्यावर १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नांआधी वंशाची चौकशी करायचा फतवा काढला. जेरुसलेममध्ये मराठी बोलणारी कुटुंबं धरणं धरून बसली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केल्यावर धर्मपीठाला नमतं घ्यावं लागलं. जन्माने माणूस आत किंवा बाहेर ठरवायची खोड दोन्ही धर्मांत आहे. दोघेही बाहेरच्याला बाटवून आत घ्यायला निघत नाहीत, याचं आपण कौतुक करतो. त्याच नाण्याची ही दुसरी बाजू आहे. माणसाला बाहेर बसवायची खोड विटाळशीच्या नियमांतही दिसते. बाईचे चार दिवस, तिचं बाजूला बसणं, नंतरचं न्हाणं, या बाबतीत दोन्ही शास्त्रं एकमेकांच्या फार जवळ उभी आहेत. हे साम्य सांगताना लाज वाटते, पण गाळता येत नाही.

आता मृत्यू. या पुस्तकातलं सगळ्यांत मोठं प्रकरण त्याच्यावर आहे आणि ते किल्लारीत बसून लिहिलेलं आहे.

यहुदी माणूस गेला की शक्य तितक्या लवकर दफन. देहाला समाजातलेच लोक स्नान घालतात, साधं पांढरं कापड गुंडाळतात. श्रीमंताला आणि गरिबाला एकच. जवळचे नातेवाईक अंगावरचा कपडा फाडतात. मग सात दिवस घरातच, जमिनीलगत बसायचं, आरसे झाकायचे. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं. तीस दिवस केस कापायचे नाहीत. आईबापांसाठी वर्षभर शोक, आणि नंतर दरवर्षी तिथीला एक दिवा. आपल्याकडे दहा दिवसांचं सुतक, शेजारपाजारच्यांनी आणलेला कडू घास, दहाव्याचा पिंड, कावळा, तेरावं, मासिकं, वर्षश्राद्ध. शोकाला पायऱ्या बांधून द्यायच्या, म्हणजे माणूस एकदम कोसळत नाही आणि कायमचा अडकूनही पडत नाही, ही समज दोन्हीकडे एकच. खुणा मात्र नेमक्या उलट आहेत: एकजण केस उतरवतो, दुसरा वाढवतो. एक देह अग्नीला देतो, दुसरा मातीला, कारण देह मातीतून घडला असं त्याचा ग्रंथ सांगतो.

इथेही तक्ता गळतो. किल्लारी आणि आसपासच्या गावांत लिंगायत समाज मोठा आहे. लिंगायत अग्नी देत नाहीत. देहाला बसवून, तळहाती इष्टलिंग देऊन, समाधी देतात. जन्म-मृत्यूचं सुतक त्यांच्या शास्त्रात नाही. लिंगायत हिंदू की स्वतंत्र धर्म, हा वाद चालू आहे आणि तो त्यांनीच सोडवायचा आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की ‘हिंदू जाळतात, यहुदी पुरतात’ हे वाक्य आमच्या एका गल्लीतही टिकत नाही.

भूकंपानंतर यातलं काहीच नीट झालं नाही. पडलेल्या घरांचीच लाकडं, तुळया, चौकटी काढून सामुदायिक चिता रचल्या. पावसाने त्यातही त्रास दिला. कोण कुणाचं हे ओळखायला वेळ नव्हता. दहावा कोण करणार, जिथे करणाराच ढिगाऱ्यात होता? पितृपक्ष लागला तेव्हा कुणाला पान वाढायचं याची यादीच संपत नव्हती. पुढे कित्येक वर्षांनी मी यहुद्यांच्या कद्दिश या प्रार्थनेबद्दल वाचलं. गेलेल्यासाठी म्हणायची ही प्रार्थना. आईबापांसाठी ती अकरा महिने म्हणतात. आणि तिच्यात मृत्यूचा, मृताचा उल्लेख नाही. फक्त ईश्वराची थोरवी. शिवाय ती एकट्याने म्हणता येत नाही, किमान दहाजण हजर असावे लागतात. म्हणजे ज्याच्या घरात माणूस गेलं त्याला रोज दहा माणसांत जाऊन उभं राहणं भाग पडतं. आपला दहावा नदीकाठी मोजक्या भाऊबंदांत होतो, मंत्र भटजी सांगतो, आणि पिंड थेट त्या गेलेल्या माणसाच्या नावाने, गोत्राने दिला जातो. आपल्याकडे मृताशी बोलणं चालू राहतं. त्यांच्याकडे मृताच्या वतीने लोकांसमोर उभं राहायचं असतं. दोन धर्मांतला खरा फरक मला इथे पहिल्यांदा दिसला, आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच वाटेने गेली आहेत.

मंदिर पडणं ही गोष्टही आमच्या ओळखीची. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. यज्ञवेदी गेली, बळी गेले, पुरोहितांचं काम संपलं. योहानान बेन झक्काई या आचार्याने यवने गावी शिकणाऱ्यांना जमवलं आणि धर्म पुन्हा बांधला, पण दगडाचा नाही. बळीच्या जागी प्रार्थना आणि अभ्यास, वेदीच्या जागी घरातलं जेवणाचं पाट-ताट. वैदिक धर्मालाही अशाच वाटेने जावं लागलं होतं. मोठे पशुयज्ञ मागे पडले आणि रोजच्या पंचमहायज्ञांत स्वाध्यायालाच ब्रह्मयज्ञ म्हटलं गेलं. पण मला त्याहून जवळचं उदाहरण वाटतं ते बसवण्णांचं. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, त्यांनी देव देवळातून काढून माणसाच्या गळ्यात आणि तळहातावर आणला. उभं आहे ते पडतं, चालतं आहे ते टिकतं, हा त्यांचा सिद्धान्त आमच्या भागात भूकंपानंतर कुणाला समजावून सांगावा लागला नाही. यहुदी पुरुष सकाळच्या प्रार्थनेला ग्रंथवचनांच्या छोट्या चामडी पेट्या डाव्या दंडावर आणि कपाळावर बांधतो. लिंगायत इष्टलिंग अंगावर बाळगतो. एक वचन बांधतो, दुसरा लिंग. दोघांचंही देऊळ त्यांच्याबरोबर चालतं.

मूर्तीचा प्रश्न मात्र मिटवता येत नाही आणि मिटवूही नये. आमच्या भागातले लोक तिरुपतीला जाऊन केस देतात, हे घरोघरचं. २००४ साली जेरुसलेमच्या रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी निर्णय दिला की हे केस मूर्तीला वाहिलेले आहेत, म्हणून त्यांपासून केलेले टोप वापरता येणार नाहीत. कर्मठ यहुदी घरांतल्या लग्न झालेल्या बायका टोपाने केस झाकतात, आणि त्या टोपांत तिरुपतीचे केस असण्याची शक्यता होती. ब्रुकलिनच्या आणि इस्रायलच्या रस्त्यांवर टोपांच्या होळ्या झाल्या. किल्लारीच्या बाईने मुलाच्या दुखण्यात बोललेला नवस आणि ब्रुकलिनच्या बाईची धर्मभीती, एकाच केसाला दोन टोकांनी बांधलेली. आपल्याकडच्या जाणत्यांनी सांगितलं असतं की केस म्हणजे अहंकार, तो उतरवून टाकायचा असतो, वाहायचा नसतो. रब्बींना हे पटलं नसतं, आणि त्यांच्या शास्त्रात राहून पटायला जागाही नाही. त्यांची मूर्तीबद्दलची आज्ञा दहा आज्ञांमधली आहे. २००७ साली दिल्लीत आणि पुढच्या वर्षी जेरुसलेमला हिंदू आचार्य आणि यहुदी धर्मगुरू यांच्या बैठका झाल्या, एकच परमतत्त्व दोघेही मानतात असं निवेदनही निघालं. बोलणं झालं हे चांगलंच झालं. पण निवेदनाने तो अडसर गेला असं मी मानत नाही. गणपतीची माती घडवून, तिच्यात प्राण बोलावून, दहा दिवसांनी पाण्यात सोडून देणाऱ्या माणसाला मूर्ती म्हणजे काय वाटतं, हे बाहेरच्याला वादातून कळत नाही.

मग सगळ्यांत अवघड प्रश्न. असं का झालं? भूकंपानंतर पाप वाढलं, कलियुग आलं, हे उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड म्हटला होता आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली होती. यहुदी परंपरेतही मंदिर आमच्या पापांमुळे पडलं अशी कबुली प्रार्थनेतच आहे. म्हणजे कर्म म्हणा किंवा देवाशी केलेला करार म्हणा, दुःखाचा हिशेब माणसाच्या खात्यावर मांडायची सवय दोघांनाही आहे. पण दोघांच्याही घरात हा हिशेब न मानणारी माणसं आहेत, आणि ती मला जास्त जवळची वाटतात. यहुदी ग्रंथातल्या ईयोबाच्या थोरल्या मुलाचं घर कोसळतं, मुलं चिरडून मरतात, मित्र येऊन सांगतात की तुझंच काही चुकलं असेल. तो शेवटपर्यंत मान्य करत नाही, आणि शेवटी देव मित्रांनाच चुकीचं ठरवतो. आपल्याकडे वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला तोंडावर विचारते की धर्माने वागणाऱ्याची ही दशा करणारा विधाता न्यायी कसा. अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी पन्नासापासून दहा नीतिमानांपर्यंत घासाघीस करतो. नामदेव, जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात. देवाशी भांडता येणं हा भक्तीचाच भाग आहे, हे या दोन धर्मांना जितकं कळलं तितकं फार थोड्यांना कळलं असेल. ज्या बाईने १९९३ मध्ये देव्हाऱ्यातले देव पोत्यात बांधून ठेवले आणि दोन वर्षांनी पुन्हा मांडले, तिला मी अश्रद्ध म्हणणार नाही.

आणि अखेर स्मरण. यहुदी माणूस अरिष्ट विसरत नाही, कारण त्याचं पंचांग त्याला विसरू देत नाही. अव महिन्याच्या नवमीला पहिलं मंदिर पडलं आणि त्याच तिथीला दुसरंही, असं मानून जगभरचे यहुदी त्या दिवशी उपास करतात, जमिनीवर बसतात. जो जेरुसलेमला कधी गेला नाही तोही. आपल्याकडे स्मरण कुळाचं असतं. बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. तीन पिढ्यांची नावं तर्पणात घेतली जातात, त्र्यंबकेश्वराच्या आणि गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत कुळवार लिहिलेली असतात. गावाचं म्हणून श्राद्ध नसतं. किल्लारीत ज्याच्या घरी माणूस गेलं तो भाद्रपदात पान वाढतो, आणि गाव म्हणून आम्ही ३० सप्टेंबर ही इंग्रजी तारीख पाळतो. स्मारकापाशी जमतो, बंदुकीची सलामी होते, भाषणं होतात. सरकारी तारखेला सरकारी विधी. जी कुटुंबं समूळ गेली, ज्यांचं पान वाढायला कुणी उरलं नाही, त्यांचं नाव त्या दिवशी कोणाच्या तोंडून निघतं?

दुसऱ्या महायुद्धात युरोपातली यहुदी गावं नष्ट झाली. वाचलेले लोक अमेरिकेत, इस्रायलमध्ये, अर्जेंटिनात विखुरले आणि त्यांनी गावोगावची स्मरणपुस्तकं काढली. अशी शेकडो पुस्तकं आहेत. त्यांत आठवणीतून काढलेला गावाचा नकाशा असतो, गल्लीवार घरं असतात, पाव भाजणारा, शिंपी, शाळामास्तर, वेडसर म्हणून ओळखला जाणारा माणूस, आणि शेवटी मेलेल्यांची नावं. ती पुस्तकं त्यांच्या सणासुदीच्या प्रार्थनेइतक्याच निष्ठेने लिहिलेली आहेत. तिथे कुळ बुडालं तरी गाव नाव घेतं.

आमच्या नव्या किल्लारीत रस्ते सरळ आहेत, घरांना नंबर आहेत. जुन्या गावठाणात कुणाच्या शेजारी कोण राहत होतं, पार कुठे होता, कुणाच्या आडाचं पाणी गोड होतं, हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. या पुस्तकाच्या शेवटी म्हणूनच मी एक पुरवणी जोडली आहे: जुन्या गावठाणाचा हाताने काढलेला नकाशा आणि मला मिळालेली घरवार नावं. तो नकाशा अपुरा आहे. वेशीपासून ओढ्यापर्यंतच्या बाजूला बरीच घरं कोरी आहेत, आणि बारा बलुतेदारांच्या, दलितांच्या, मुसलमानांच्या वस्त्यांत तर कोरी जागा अधिक आहे, कारण मला माहिती देणारे बहुतेक माझ्याच गल्लीचे होते. सास्तूर, पेठसांगवी, होळी, मंगरूळ या गावांचे असे नकाशे त्या त्या गावच्या लोकांनी काढावेत. पुरवणीची पानं एकाच बाजूला छापली आहेत, दुसरी बाजू लिहायला मोकळी आहे. पेन्सिलीने लिहावं, म्हणजे दुरुस्ती करता येईल.